पोरगं पहिल्यांदा एकटं विमानानं चाललंय? विमान बदलतानाच्या या चुका टाळा

जुलै-ऑगस्ट आला की वणी, आर्णी, कुरखेड्याकडची पोरं-पोरी गुवाहाटी, सिलचर, कालिकतच्या कॉलेजांत प्रवेशाला निघतात. रेल्वेनं दोन-दोन दिवस जातात आणि रिपोर्टिंगची तारीख डोक्यावर असते, म्हणून पोटाला चिमटा घेऊन विमानाचं तिकीट काढलं जातं. नागपूरहून तिकडं थेट विमान बहुधा मिळत नाही. दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू किंवा कोलकात्याला बदलावं लागतं. आणि १२ वर्षांवरच्या मुलाला आपल्याकडच्या कंपन्या सहसा मोठ्या माणसासारखाच प्रवासी धरतात. सतरा वर्षांच्या पोराला कुणी हात धरून दुसऱ्या विमानापर्यंत नेत नाही. जे काय करायचं ते त्यालाच करायचं असतं, आणि त्यातलं निम्मंअधिक आपण तिकीट काढतानाच बिघडवून ठेवतो.

तिकिटावर सव्वा तास दिसतो म्हणून सव्वा तास धरणं

समजा पहिलं विमान १०:०५ ला उतरतं आणि दुसरं ११:२० ला सुटतं. बाप म्हणतो, सव्वा तास म्हणजे भरपूर. पण दुसऱ्या विमानाचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे १०:५५ ला. उरली ५० मिनिटं. सीट मागं असेल तर समोरची सगळी माणसं वरच्या बॅगा काढून उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली. विमान लांब उभं केलं तर बसनं टर्मिनलवर यायला आणखी दहा. बरेचदा पुन्हा सुरक्षा तपासणी असते, तिथं रांग. गेट टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला निघालं तर पळापळ. यात पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं, की खेळ संपला.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला मध्ये अडीच-तीन तास मिळतील असंच तिकीट काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पोरगं दोन तास खुर्चीत बसून कंटाळलं तर बिघडत नाही. जवळचं तिकीट पर्याय नाही म्हणून घ्यावंच लागलं, तर निदान पहिल्या विमानात पुढची सीट घ्या. तिचे वेगळे पैसे पडतात, पण ते द्यावेत. शक्यतो सकाळचं पहिलं विमान निवडा. दिवसभराचा उशीर साचत जातो आणि तो संध्याकाळच्या विमानांवर निघतो. फक्त डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जात असाल तर उलटं करा, कारण पहाटेच्या धुक्यात तिथली विमानं रखडतात.

हजार रुपये वाचवायला दोन वेगळी तिकिटं

"भाऊ, दोन तिकिटं अलग अलग काढली त हजार-दीड हजार वाचते नं!" असं म्हणणारा बाप दर हंगामात भेटतो. वाचतात, खरं आहे. पण एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, दोन्ही विमानं असली तर बॅग नागपूरला दिली की सहसा शेवटच्या गावी मिळते, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळं दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीला पाहावी लागते. पीएनआर वेगळे असले तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुमचं पोरगं वेळेवर आलंच नाही, एवढंच.

वरचाच हिशोब घ्या. वेगळ्या तिकिटात बॅग सामानाच्या फिरत्या पट्ट्यावरून उचलायची, बाहेर यायचं, पुन्हा आत शिरून काउंटरवर द्यायची. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे १०:२० ला. विमान उतरलं १०:०५ ला. पंधरा मिनिटांत तर पट्टासुद्धा फिरायला लागलेला नसतो.

आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. एकाच पीएनआरवरचं पहिलं विमान पोरानं घेतलंच नाही, तर पुढचा प्रवास बहुधा आपोआप रद्द होतो. नागपूरचं विमान हुकलं म्हणून रात्रीच्या रेल्वेनं हैदराबाद गाठायचं आणि तिथून दुसरं विमान धरायचं, हा आपला शहाणपणा तिथं चालत नाही. आधी कंपनीला फोन करा, मग गाडीत बसवा.

टर्मिनल न पाहणं

मुंबईत टी-१ आणि टी-२ वेगवेगळ्या जागी आहेत, मधे शहराची ट्रॅफिक. दिल्लीत टी-१ तर टी-३ पासून कित्येक किलोमीटर दूर, बस किंवा टॅक्सीनंच जावं लागतं. एकाच कंपनीची विमानंसुद्धा वेगवेगळ्या टर्मिनलवरून सुटतात आणि ही वाटणी बदलत राहते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहा. मला विचाराल तर भाडं सारखंच असेल तेव्हा हैदराबाद किंवा कोलकाता निवडावं. तिथं टर्मिनल एकच आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, पश्चिम विदर्भाला ते सोयीचं आहे. पण मुंबईत ते कुठं उतरतं आणि पुढचं कुठून सुटतं, हे पाहूनच जोडणी करा.

तिकिटावर बापाचा नाहीतर दुकानदाराचा नंबर

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत स्वस्तात सुटते. विमानाची वेळ बदलली, गेट बदललं, की मेसेज तिकिटावरच्या नंबरवर जातो. तो नंबर शेतात रेंज नसलेल्या बापाचा असतो, किंवा तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा, ज्याला असे पन्नास मेसेज येतात. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा फोन करून पोराचा नंबर जोडून घ्या. वेब चेक-इनही, म्हणजे विमानाची हजेरी ऑनलाइन नोंदवणं, त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच हातानं करू द्या. त्यातून मिळणारे दोन्ही बोर्डिंग पास (विमानात चढायचे पास) कागदावर छापून खिशात द्या, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी दिल्लीत उतरते. त्याच कागदामागं घरचा, मामाचा आणि होस्टेलचा नंबर लिहा. सोबत आधार कार्ड मूळ प्रत, आणि दोन हजार तरी रोख. पोराचं यूपीआय बापाच्या ओटीपीवर चालत असेल तर त्या यूपीआयचा तिथं उपयोग नाही.

बॅगेचा घोळ

नागपूरच्या काउंटरवरून हलायच्या आधी बॅगेला लावलेली पट्टी वाचायला सांगा. त्यावर शेवटच्या गावाचा कोड हवा. गुवाहाटी असेल तर जीएयू. तो असेल तर मधल्या विमानतळावर पट्ट्याकडं फिरकायचंच नाही. पोरं इथंच फसतात. विमानातून उतरलेली गर्दी बाहेरच्या दाराकडं जाते, पोरगं तिच्यामागं जातं आणि बाहेर पडतं. पाटी शोधायची ती ट्रान्सफरची, म्हणजे विमान बदलणाऱ्यांची. दिसली नाही तर दारातच उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला पुढचा बोर्डिंग पास दाखवायचा.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या पिशवीतच लागते. नाहीतर बॅग अडते आणि मालकाला शोधत फिरतात. लोणच्याची बरणी मात्र हातात नको, घट्ट बांधून मोठ्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या माय हमखास देते, पण खोबरं तेलकट असल्यानं पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि मोठ्या बॅगेतून काढून टाकतात. चटणीत कुटून द्या.

पुकारा होईल म्हणून बसून राहणं, आणि घरचे फोन

एसटी स्टँडवर गाडी लागली की भोंग्यावरून कळतं. मुंबई, बेंगळुरूसारख्या विमानतळांवर बोर्डिंगचा असा सर्रास पुकारा होत नाही. हेडफोन काढून बोर्ड पाहायचा, आणि गेटचा नंबर दर वीस मिनिटांनी पुन्हा तपासायचा. आधी गेट गाठायचं, मग समोशाचा विचार.

घरच्यांनीही थोडं आवरतं घ्यावं. "कुठी हायेस रे बापू? खाल्लं का काही?" असे माय, आत्या, मोठे बाबा, सगळ्यांचे फोन त्याच अर्ध्या तासात येतात. घरातल्या एकाच माणसानं बोलायचं ठरवा. पोरगं गेटवर पोचल्यावर मेसेज टाकेल, तोवर त्याला चालू द्या.

नागपूरच वेळेवर न गाठणं

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे गडचिरोलीवाल्यांना सांगायला नको. तिकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच नागपुरात मुक्कामाला यावं. नागपुरात नातेवाईक नाही असं घर आपल्याकडं विरळाच. समृद्धी महामार्गावर भरवसा ठेवणाऱ्यांनी शहरातल्या वर्धा रोडचाही वेळ धरावा. आणि रात्री ००:३० चं विमान म्हणजे आदल्या रात्रीच निघायचं, हे कॅलेंडरवर गोल करून ठेवा. एक दिवस उशिरा विमानतळावर पोचणारी माणसं दरवर्षी निघतात.

तरी चुकलंच तर

पोराला आधीच सांगून ठेवा की रडायचं नाही, बाहेर पडायचं नाही आणि स्वतःहून नवं तिकीट काढायचं नाही. दोन्ही बोर्डिंग पास घेऊन त्याच कंपनीच्या ट्रान्सफर काउंटरवर जायचं आणि पहिलं वाक्य हे बोलायचं: माझं पहिलं विमान उशिरा आलं, पुढचं चुकलं, मी एकटा आहे, वय सतरा. वय सांगणं महत्त्वाचं, कारण १८ खालच्या एकट्या मुलाला बहुतेक हॉटेलं खोली देत नाहीत. रात्र काढायचीच वेळ आली तर विमानतळाच्या आत, माणसांची वर्दळ असलेल्या जागी बसावं. काही अडचण वाटली तर विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाला गाठावं.

विमान उभंच राहिलं तर हक्क माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर वेळेत चेक-इन केलेल्याला खाणंपिणं मिळतं. सहा तासांवर उशीर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, असा पर्याय मागता येतो. काउंटरवर दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार घालता येते. तिकीट आणि बोर्डिंग पासचे फोटो जपून ठेवा.

पोरगं दुसऱ्या विमानानं पोचलं की बॅग मागं राहिलेली असू शकते. तेव्हा विमानतळातून बाहेर पडायच्या आधीच पट्ट्याशेजारच्या कंपनीच्या टेबलावर तक्रार लिहून पावती घ्यायची. त्यासाठी बॅगेच्या पट्टीचा छोटा तुकडा लागतो, जो बोर्डिंग पासला चिकटवून देतात. अर्जावर पत्ता होस्टेलचा लिहायचा आणि नंबर पोराचा.