एकच लाल रंग, दोन अर्थ: पेरणीआधी नकाशा नीट वाचा

मृग लागला की गावच्या ग्रुपवर ढगांचे रंगीत फोटो फिरू लागतात. "लाल दिसून राहिला, आज धो धो!" असं कोणी टाकलं, की दुसऱ्या दिवशी तिफणी निघतात. मीही एका वर्षी असाच फसलो. नकाशा होता पुढच्या तीन दिवसांच्या अंदाजाचा, मी समजलो पाणी पडून गेलं. सरकीची सहा पाकिटं धुळीत गेली, दुबार लावावी लागली.

तेव्हापासून नकाशा आला की आधी त्याचं नाव वाचतो. हवामान खात्याच्या इशाऱ्याच्या नकाशात लाल म्हणजे अतिवृष्टीचा धोका. त्याच खात्याच्या पावसाच्या सरासरीच्या नकाशात मात्र लाल जिल्हा तुटीचा असतो, म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस. पिवळा तर त्याहून कोरडा! हिरवा, म्हणजे सरासरीइतका, दिसला म्हणून हुरळू नका. तो आकडा अख्ख्या जिल्ह्याचा आहे. यवतमाळ जिल्हा एकच, पण वणीत कोसळलेलं पाणी पुसदच्या वावरात येत नाही.

मग वेळ पाहा. उपग्रहाच्या फोटोवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा. ०९०० म्हणजे आपले दुपारचे अडीच. आजच्या तारखेचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, फोटोतलं पांढरं म्हणजे थंड, उंच ढगमाथा. पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढगही तिथं पांढरेच दिसतात, त्यांच्यातून थेंब पडत नाही.

तास-दोन तासांचं काम असेल, फवारणी किंवा खत, तर नागपूरचं रडार पाहावं. पण रडारचा झोत दूर जाता जाता उंच उठतो. अकोल्याकडच्यांना ढगाचा वरचाच भाग दिसतो, तेवढी सूट धरा. विजेसाठी 'दामिनी' ॲप मोबाइलात ठेवा. कडकडाट सुरू झाला की झाडाखाली नाही, घरात.

पेरणीचं मात्र वावरातच ठरवा. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाणी झाल्याशिवाय तिफण काढू नका. धुऱ्यापासून दहा पावलं आत जाऊन वीतभर खोदा. तळची काळी माती मुठीत दाबून लाडू वळला तर ठीक. भुरभुरली तर बियाण्याची थैली शिवलेलीच राहू द्या.