शॉपफ्लोअरवर नवीन लागताय? आधी स्क्रीन समजून घ्या

आयटीआय करून चाकणच्या एमआयडीसीत येणाऱ्या पोरांना वाटतं, टॅब, फेस मशीन, सेन्सर हे पहिल्यापासूनच असणार. आमच्या लाइनवर यातलं बहुतेक 2020 च्या लॉकडाउननंतर आलं. कारखाना उघडला तेव्हा गेटवर आरोग्य सेतू दाखवावं लागे. 1 मे 2020 च्या केंद्राच्या आदेशाने ते सक्तीचं झालं होतं. हजेरीचं थंब मशीन बंद करून चेहरा ओळखणारं लावलं, तर त्याला मास्क घातलेला माणूस ओळखू येईना. मग काय, रांगेत एकामागून एक मास्क खाली!

खरा फरक पडला तो मशीनवरच्या टॉवर लॅम्पला (रंगीत दिव्यांच्या खांबाला) जोडलेल्या छोट्या डब्याने. हिरवा दिवा म्हणजे मशीन चालू, लाल म्हणजे बंद. डबा एवढंच टिपतो आणि साहेबांच्या मोबाइलवर पाठवतो. मशीन का थांबलं, ते स्क्रीनवर आपण भरायचं: इन्सर्ट (धातू कापणारं टोक) तुटला, माल नाही, सेटरची (मशीन लावून देणाऱ्याची) वाट, क्वालिटीची वाट. नवीन पोरं घाईत ‘इतर’ दाबतात, नाहीतर काहीच दाबत नाहीत. आमच्याकडे काही भरलं नाही की आपोआप ‘ऑपरेटर नाही’ असं पडतं. कास्टिंगची (ओतीव पार्टची) ट्रॉली स्टोअरमधून अर्धा तास आली नाही, तरी सकाळच्या मीटिंगला तो अर्धा तास तुमच्या नावावर. उलट नोंद असेल तर कामाला येते. शेजारच्या मशीनचा चक (पार्ट घट्ट धरणारा भाग) प्रेशर सोडायचा, मेंटेनन्सवाले ढुंकून बघत नव्हते. ऑपरेटरने प्रत्येक वेळी कारण टाकलं, तेव्हा कुठे सिलिंडर बदलला.

लॉकडाउननंतर माणसं कमी म्हणून एकाकडे दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) दिल्या. माणसं परत आली, दुसरी मशीन काही परत गेली नाही. स्क्रीनवर ‘जमतंय’ असं दिसत होतं ना! त्यात कंत्राटी पोराने तक्रार कुठल्या तोंडाने करायची? म्हणून टार्गेट सांगतील तेव्हा एवढं विचाराच: सायकल टाइममध्ये (एका पार्टला धरलेल्या वेळात) लोडिंग म्हणजे पार्ट लावणं, गेजिंग म्हणजे माप तपासणं, इन्सर्ट बदलणं धरलंय का? सुपरवायझर कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

आणि शिफ्ट सुटताना बस चुकली तरी चालेल, पण टॅबवरून लॉगआउट करा. पुढच्या शिफ्टचं रिजेक्शन (नापास माल) तुमच्या आयडीवर चढलं, की ते उतरवायला क्वालिटीच्या दारात खेटे घालावे लागतात.