डबा कुठला, ते बॅरलला विचारा

बालेवाडीच्या रेंजवर जायला लागून आठ-नऊ महिने झाले होते आणि माझा 10 मीटर एअर रायफलचा स्कोर 580 च्या पुढे सरकायला तयार नव्हता. 60 शॉट्स, एकाला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे एकूण 654. त्यात 580. एका ताईने सहज म्हटलं, "पेलेट बदलून बघ ना." झालं! नव्याने शूटिंगला लागलेल्या माणसाला यापेक्षा गोड सल्ला नाही. आपलं चुकत नाहीये, छर्रा चुकतोय.

त्याच सुमाराला दिवाळीला भोरजवळ मामाकडे गेले. मामा मासे धरायच्या जाळ्याला लावायचं शिसं घरीच ओततो. लोखंडी पळीत शिसं, खाली चुलीचा जाळ, मातीचा साचा. तो म्हणाला, "छर्ऱ्यांच्या डब्याला एवढे पैसे कशाला देता गं, घरीच ओतू की." शिसं 327 अंशांना वितळतं, त्यामुळे हे त्याला अगदी पोरखेळ वाटत होतं. पण दोन गोष्टी आहेत. बंदुकीच्या गोळ्या परवान्याशिवाय घरी बनवणं आपल्याकडे शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तो विषय तिथेच संपला. आणि एअर रायफलचे छर्रे मुळात ओतीव नसतातच. शिशाची तार कापून ती साच्यात दाबून त्यांना आकार देतात. पुढचा भाग सपाट, कंबर बारीक, मागे पोकळ घेर. तो घेर हवेच्या दाबाने फुलतो आणि बॅरलमधल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो. ओतकामात एवढा सारखेपणा आणणं मामाच्या पळीला जमणारं नव्हतं.

मग मी तीन डबे आणले. तीनही 4.5 मिमीचे, रायफलसाठीचे, 0.53 ग्रॅमचे, प्रत्येकी 500 नग. उभं राहून प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारले, दुसऱ्या डब्याने बरा ग्रुप दिला, म्हणजे भोकं जवळजवळ पडली, त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि तोच घेऊन स्पर्धेला गेले. 577. आधीपेक्षा कमी!

आमच्या कोच सरांनी वही मागितली, पाहिली आणि एवढंच म्हणाले, "ही पेलेटची टेस्ट नाही, तुझी आहे." पुढच्या रविवारी त्यांनी रायफल शिकंजात, म्हणजे घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीत, बसवून दिली. आता माझा खांदा, श्वास, ट्रिगर काहीच मध्ये नाही. बॅरल आधी स्वच्छ केलं. डबा बदलला की सुरुवातीचे पाच-सहा शॉट मोजायचे नाहीत, कारण बॅरलमध्ये आधीच्या छर्ऱ्याचं शिसं असतं. मग दहाचा ग्रुप, कागदावर, आणि प्रत्येक डब्याचे असे तीन ग्रुप. पाच शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, पाच शॉट नशिबानेही एकत्र येतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत व्हर्नियरने मोजायचं, त्यातून 4.5 वजा केले की केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. कडेपासून कडेपर्यंत माझ्या तीन डब्यांची सरासरी आली 5.8, 6.5 आणि 9 मिमी. ज्याच्यावर मी शिक्कामोर्तब केलं होतं तो 9 वाला! माझा उभ्याने ग्रुप तेव्हा 16 मिमीचा होता. त्या 16 मध्ये डब्याडब्यातला फरक कुठेच दिसत नव्हता, विरून जात होता.

हे आकडे कशाशी ताडायचे तेही सांगते. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलीमीटर असतो, पण छर्ऱ्याची कड त्याला लागली तरी 10.0 मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मधोमध बिंदूपासून 2.5 मिमीच्या आत हवं. तिथून मध्याकडे दर पाव मिलीमीटरला एक दशांश वाढतो. कडेपासून कडेपर्यंत 9.5 मिमीचा ग्रुप नीट मध्यावर बसला तर सगळे दहाच. म्हणजे तो 9 वाला, वाईट डबासुद्धा माझ्यापेक्षा चांगलं मारत होता.

खरी गंमत पुढे झाली. तोच 9 मिमीवाला डबा ताईच्या रायफलमध्ये शिकंजात लावला तर 6 मिमी. तिचा लाडका डबा माझ्याकडे फिसकटला. डब्यावर छर्ऱ्याच्या डोक्याचं माप लिहिलेलं असतं, 4.49, 4.50 असं. कुठल्या बॅरलला कुठलं बसेल ते बॅरलच सांगतं, किंमत सांगत नाही. मामाकडच्या बॅरल मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनमध्ये हाच मॅचचा छर्रा घातला तर 30 मिमीचा पसारा झाला. तिथे छर्रा बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा हिसका बसतो, आणि अशी बंदूक शिकंजात आवळली तर ती आणखी बिघडते. तिला हातावर सैलसर ठेवूनच मारावं लागतं.

रविवार पेठेतल्या सराफ काकांच्या काट्यावर मी शंभर छर्रे एकेक करून तोललेसुद्धा. बहुतेक 0.53, थोडे 0.52. काका म्हणाले, "सोनं असतं तर भांडलो असतो." टार्गेटवर मला काहीही फरक दिसला नाही. तुम्ही नका करू.

नवीन लोकांनी लक्षात ठेवायचं ते हे. डबा घेताना स्टिकरवरचा बॅच नंबर वहीत लिहा. आवडलेल्या बॅचचेच आणखी डबे घ्या, कारण त्याच नावाची पुढची बॅच वेगळी वागू शकते. मोठे खेळाडूही हेच करतात, फक्त .22 इंच बोअरच्या काडतुसांसाठी. बर्मिंगहॅमच्या एली कंपनीत लोक आपली रायफल घेऊन जातात आणि लॉट, म्हणजे बॅचच, निवडून आणतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ती 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायची) म्हणजे .22 चाच खेळ. तिथे एका दशांशाची किंमत काय असते ते त्या फायनलमध्ये सगळ्यांनी पाहिलं.

परवान्याबद्दल नेहमी विचारतात. 4.5 मिमीपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला तो लागत नाही. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटरने गेला तर जेमतेम 8 ज्यूल होतात. म्हणून ते खेळणं समजू नका. शिकंजात असली तरी रायफलचं तोंड टार्गेटकडेच, आणि कागद बदलायला कुणी पुढे जाणार असेल तर सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामं आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) आधी, बोलणं नंतर.

आणि हात धुवा. छर्रे हाताळले की बोटांना करडेपणा येतो, ते शिसं असतं. त्याच हाताने रेंजबाहेरचा वडापाव खाणारे मी पाहिलेत, मीही खाल्लाय. काही जण छर्रे ओठांत धरतात, ते तर अजिबात नको. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की छर्ऱ्यांवर पांढुरकी पूड धरते. असे छर्रे मॅचला वापरू नयेत.

माझ्याकडे आज तो 5.8 वालाच आहे आणि स्कोर 612 पर्यंत आलाय, पण त्यातले फार थोडे गुण डब्याचे असतील. बाकीचे कोऱ्या कागदाचे. टार्गेट उलटं लावून नुसत्या पांढऱ्यावर मारायचं, गोलच नाही, फक्त ट्रिगर आणि होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं. उरलेले दोन डबे मी त्यातच संपवले.