नव्या उपनगरात शेजार उभा करताना या चुका टाळा

शहराच्या कडेला आखून वसवलेल्या उपनगरात रस्ते, बाग, शाळेचा भूखंड सगळं नकाशावर आधीच ठरलेलं असतं. माणसं मात्र एकमेकांना अनोळखी असतात. अशा वेळी उत्साही रहिवासी पहिली चूक करतात ती घाईने समिती नेमण्याची. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरतात आणि पुढच्या गल्लीत कोण राहतं हे तिघांनाही ठाऊक नसतं. आधी दारोदार फिरा. नुसतं "अडचण काय आहे?" विचारलंत तर तक्रारींची यादी तेवढी वाढेल. "तुम्हाला काय येतं, कशात हातभार लावाल?" हेही विचारा. निवृत्त वायरमन, संध्याकाळी मुलांना शिकवायला तयार असलेली तरुणी, झाडांची जाण असलेले आजोबा अशी नावं हाती आली की समिती नंतरही करता येते.

बैठकीला कुणी फिरकत नसेल तर लोकांना आस्था नाही असं म्हणून मोकळे होऊ नका. इथल्या अनेकांचा दिवस जाण्यायेण्यातच सरतो. त्यांना गाठायचं तर बसथांबा किंवा शाळेचं फाटक बरं. अमेरिकी नियोजनकार क्लॅरन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजार-वस्तीची, म्हणजे रोजच्या सोयी चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या वस्तीची कल्पना मांडली, तेव्हा मुलांना चालत जाता यावं म्हणून प्राथमिक शाळा वस्तीच्या मध्यावर ठेवली होती. पालक रोज समोरासमोर येतात ते तिथेच.

सगळ्यात महागात पडते ती सहभागाच्या देखाव्याला भुलण्याची चूक. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिक-सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं या मधल्या ३ पायऱ्यांना त्यांनी नाममात्र सहभागच म्हटलं. खरा अधिकार सहाव्या पायरीवर, भागीदारीपासून सुरू होतो. म्हणून विकासकाने किंवा प्राधिकरणाने चर्चेला बोलावलं की आधी विचारा: कोणता निर्णय अजून व्हायचा आहे? तो कोण घेणार, कधी? उत्तर लेखी घ्या. बाकांचा रंग तेवढा ठरायचा राहिला असेल, तर ते तिथेच स्पष्ट बोलून दाखवा.

भाडेकरूंना "आज आहेत, उद्या जातील" म्हणून वगळणं हा तर अन्यायच आहे. पाणी, कचरा, दिवे यांचा त्रास त्यांनाही तेवढाच होतो. जुन्या वस्तीतल्या लोकांनाही विसरू नका. ही जमीन आधी त्यांच्या वहिवाटीची होती. पावसाचं पाणी कुठून वाहतं, कुठे तुंबतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

अर्ज महिनोन्महिने पडून राहत असतील तर बहुधा कार्यालय चुकलेलं असतं. नव्या वसाहतीत रस्ता एकाच्या ताब्यात, गटार दुसऱ्याच्या, बाग अजून हस्तांतरितच नाही, असं सर्रास आढळतं. एका कागदावर तक्ता करा: प्रत्येक सोयीची मालकी कुणाची, देखभाल कुणाकडे, हस्तांतर कधी. तक्त्याच्या प्रती किमान तीन-चार घरांत ठेवा, म्हणजे पाठपुरावा करणारं एखादं माणूस घर बदलून गेलं तरी काम अडणार नाही.