चर्चगेटला उतरा, पाकीट खिशातच राहू द्या

दक्षिण मुंबईत पाहुण्यांना फिरवायचं म्हणजे खिसा रिकामा, असं काही नाही. चर्चगेटला उतरून पाच-सात मिनिटांत ओव्हल मैदान गाठा. जायचं मात्र दुपारी चारनंतरच. तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट मुंबई विद्यापीठाच्या आणि हायकोर्टाच्या दगडी भिंतींवर पडतं, नक्षी उठून दिसते. १८५७ सालच्या या विद्यापीठाच्या आवारात कुणालाही सोडतील याचा भरवसा नाही, पण तिथला राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा मैदानातूनच जास्त छान दिसतो. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्याला पैसा दिला कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी, नाव दिलं आईचं. मान वर करून नीट बघा, वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, पागोट्यांसकट. मोबाइलचा झूम इथे कामी येतो. मग पाठ फिरवा: समोर आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमाराच्या शैलीतल्या इमारतींच्या गोलसर गच्च्या. दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून जागतिक वारसा.

तिथून काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी. तिकीट नाही, पण संध्याकाळी सातच्या आत पोहोचा. शेजारचं मोठं वस्तुसंग्रहालय सुंदर आहे, पण तिथे तिकीट लागतं. पाय अजून चालत असतील तर हॉर्निमन सर्कलपर्यंत जा आणि टाउन हॉलच्या पायऱ्या बघून घ्या. वाटेत फ्लोरा फाउंटन लागतंच. रविवारी ओव्हलवर एकाच वेळी कितीतरी मॅचेस चालू असतात, तेव्हा चेंडूकडे लक्ष ठेवा.