उन्हाळ्यात पाणी पिताना या चुका टाळा

‘दिवसभर पाणी पितोय, तरी डोकं दुखतंच आहे.’ कडक उन्हाळ्यात ही तक्रार सतत कानावर येते. अशा माणसाला ‘अजून पाणी पी’ एवढंच सांगून भागत नाही. पाणी कधी प्यायलं, किती वेळाने प्यायलं आणि पोटात मीठ किती गेलं, हेही विचारावं लागतं.

एकदम ढसाढसा पिणं

दोन-तीन तास उन्हात काही न पिता राबायचं आणि घरी आल्यावर एका दमात लिटरभर पाणी संपवायचं, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. पोट डबडबतं, मळमळतं आणि त्यातलं बरंचसं पाणी थोड्या वेळात लघवीवाटे निघून जातं. बाहेर पडण्याआधीच पाणी प्या आणि उन्हात काम चालू असताना दर 15 ते 20 मिनिटांनी साधारण एक कप, म्हणजे 240 मिलि घ्या. मात्र तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. मूत्रपिंडांनाही मर्यादा असते.

आठ ग्लासांचा हिशेब

हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, पण कडक उन्हात कष्टाचं काम करणाऱ्याला तो पुरत नाही. तासाभरात लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. कोरड्या हवेत तर घाम लगेच उडून जातो, त्यामुळे तो येतोय हे कळतही नाही. ग्लास मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद आणि थोडीच होत असेल, तर पाणी कमी पडतंय. (ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही रंग गडद पिवळा होतो, हे लक्षात ठेवा.) आणखी नेमकं हवं असेल तर कामाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं, म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं.

मीठ विसरणं

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची. घामातून पाण्याबरोबर सोडियमही जातं. तासन्‌तास घाम गाळून वर नुसतं साधं पाणीच पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. पाणी कमी पडल्यावरही जवळपास हेच होतं, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि अवस्था आणखी बिघडते. फरक ओळखायचा असा: लघवी पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार होतेय, बोटं सुजून अंगठी घट्ट बसतेय, वजन उलट वाढलंय, तर साधं पाणी थांबवा. गोंधळ किंवा उलट्या असतील तर थेट दवाखाना गाठा.

दोन वेळचं व्यवस्थित जेवणाऱ्याला तासाभराच्या घामासाठी वेगळं मीठ लागत नाही. दिवसभर घाम गाळणाऱ्याला, किंवा जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएस (साखर-मीठ-पाण्याची जलसंजीवनी) उपयोगी पडतं. ते अंदाजाने कालवू नका. 1 लिटरचं पाकीट असेल तर अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यात. पाणी कमी घेतलं तर ते जास्त खारट होऊन लहान मुलांना धोक्याचं ठरतं. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ. साखर चवीसाठी नाही, म्हणून ती वगळू नका. लहान आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोड शीतपेयांमध्ये 100 मिलित 10 ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि मीठ जवळजवळ नसतंच; ओआरएसचं काम ती करत नाहीत. एक-दोन कप चहा-कॉफीने मात्र काही बिघडत नाही. दारू टाळाच, ती लघवी वाढवते.

सगळ्यांना एकच सल्ला देणं

म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. त्यातून रात्री उठावं लागू नये म्हणून कितीतरी वृद्ध पाणी तोडतात. त्यांना ‘तहान लागली का?’ असं न विचारता सकाळी आणि दुपारी पेला हातात द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको. दूधच जास्त वेळा पाजा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसंच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोज किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

उष्माघातात पाणी पाजत बसणं

अंग तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा ग्लानीत आहे, तर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.