पाश्चात्त्य कॉयरमध्ये गाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

हिंदुस्थानी कंठसंगीताची तालीम घेतल्यानंतर मी पाश्चात्त्य अभिजात कॉयरमध्ये, म्हणजे अनेक आवाजांच्या गायनवृंदात, अल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज) म्हणून गाऊ लागले. ‘माझा आवाज तेवढ्या तयारीचा नाही, तरी मला घेतील का?’ असे नवे गायक मला हमखास विचारतात. माझ्या मते कॉयरमध्ये गळ्यापेक्षा कान आणि वाचन यांची कसोटी मोठी असते, आणि या दोन्ही गोष्टी प्रौढ वयातही कमावता येतात.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ मध्ये मुंबईत ज्या कॉयरची स्थापना केली, त्याचे नेतृत्व त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी अनेक दशके केले. गोव्यात तर चर्चशी जोडलेल्या शाळांतून स्वरवाचन शिकलेल्या गायक-वादकांच्या पिढ्या घडल्या.

प्रवेशाच्या चाचणीत साधारणपणे पियानोवर वाजवलेले स्वर परत गायला सांगतात, आवाज खाली-वर कुठवर जातो ते पाहतात आणि स्वरलिपीतल्या चार ओळी वाचायला देतात. सोप्रानो (स्त्रियांचा वरचा आवाज), अल्टो, टेनर (पुरुषांचा वरचा) की बास (पुरुषांचा खालचा), हे त्यावरून ठरते.

आपल्याकडून जाणाऱ्याला सर्वांत जड जाते ते पट्टी सोडणे. काळी पाच ही माझी पट्टी, असे तिथे म्हणता येत नाही, कारण रचनेची पट्टी संगीतकाराने ठरवलेली असते आणि ती मध्येच बदलते, तेव्हा आधार द्यायला तानपुराही नसतो. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि गमक (स्वर हलवणे) बाजूला ठेवून सरळ स्वर लावायचा, शेजारणीचा ‘आ’ जितका उघडा तितकाच आपला ठेवायचा आणि लांब स्वरावर सर्वांनी एकदम श्वास न घेता आळीपाळीने, ऐकणाऱ्याला कळू न देता घ्यायचा. सुरांची जाण मात्र पुरेपूर उपयोगी पडते. गांधार (‘ग’) किंचित उतरला तर एकत्र लागलेल्या स्वरांची सगळी संगती काळवंडते, हे आपल्या कानाला लगेच कळते.

ध्वनिमुद्रण ऐकून आपली ओळ पाठ करण्याचा मोह टाळावा. तालमीत कंडक्टर (हाताच्या खुणांनी कॉयर चालवणारे) रचना सुरुवातीपासून क्वचितच घेतात. ते बारचा (नोटेशनमधील मात्रांच्या एका गटाचा) क्रमांक सांगतात आणि पुढच्याच क्षणी हात उचलतात. ज्याला नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, वाचता येत नाही, तो तिथे नुसता उभा राहतो. जवळ पेन्सिल असावी आणि श्वासाची जागा, शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाची मात्रा, कंडक्टरने मागितलेला हळुवारपणा, हे सगळे तिथल्या तिथे लिहून घ्यावे.

कंडक्टरचे खरे काम याच तालमींत होते. संगीतकार मोत्सार्टच्या ‘रेक्वियम’ या मृतांसाठीच्या प्रार्थनेवरील रचनेतल्या ‘लाक्रिमोसा’ या भागाचे उदाहरण घ्या. १७९१ मध्ये मृत्यू आला तेव्हा ही रचना अपुरी राहिली होती, आणि या भागाचे पहिले आठच बार मोत्सार्टच्या हातचे आहेत. पाचव्या बारपासून अक्षरे सुटी सुटी, मध्ये विश्राम ठेवून येतात, सोप्रानो पायरीपायरीने वर चढतात आणि आठव्या बारला आवाज भरून येतो. नवा गायक सातव्या बारच्या आधीच जोर लावतो आणि शिखरासाठी काही उरत नाही. आमच्या कंडक्टरने एका तालमीत हे चार बारच पुन्हा पुन्हा घेतले. प्रथम सूर न लावता नुसते शब्द म्हणून घेतले, मग विश्रामात श्वास न घेता गायला लावले, आणि शेवटी हात छातीजवळ इतका लहान ठेवला की मोठ्याने गाणे अशक्यच झाले. पहिल्या मात्रेच्या आधीचा जो वर जाणारा हात असतो, त्यातच लय, आवाजाची पातळी आणि श्वास हे सर्व दिलेले असते, म्हणून श्वास त्या हाताबरोबरच घ्यावा.

ऑर्केस्ट्राबरोबरच्या तालमी बहुधा थोड्याच मिळतात, आणि तिथे एक सवय बदलावी लागते. कॉयर वाद्यांच्या मागे उभा असतो, त्यामुळे ऐकू येणाऱ्या नादामागून गाणाऱ्याचा स्वर सभागृहात उशिरा पोहोचतो. अशा वेळी शेजारचा आवाज सुरासाठी ऐकावा, परंतु लयीसाठी फक्त हातच पाहावा. त्याकरिता फाइल छातीच्या उंचीवर धरावी, म्हणजे पान आणि कंडक्टर दोन्ही एकाच नजरेच्या टप्प्यात राहतात.